वहीतले खासदार

अण्णा,

लोकसभेच्या यादीत आपल्या भिवंडीचं नाव पुन्हा आलंय. तुम्ही असतात तर अख्ख्या गल्लीला सांगत फिरला असतात. तुमच्या उमेदीच्या काळात आपल्या नावाचा मतदारसंघ होता, मग तो मोडला आणि आपण दुसऱ्या गावांच्या नावाखाली मतं देत राहिलो, हे मला परवा शाळेच्या हॉलमध्ये कळलं. चाळिशी उलटल्यावर, शेवटच्या रांगेत बसून. सांगत होती ती, तुमची शेलार गावची लाडकी विद्यार्थिनी. आता कोर्टात वकिली करते. तिच्या हातात तुमची वही होती.

शाळा सुटली की तुम्ही स्वयंपाकघरात पाटावर बसून त्या वहीत कात्रणं चिकटवायचात. आपल्या भागातून दिल्लीला कोण गेलं, तिथं उभं राहून काय बोललं, कोण पाच वर्षं गप्पच बसलं. ती शेलारहून चालत यायची. आई तिच्यापुढे चहा ठेवायची, तो निवून जायचा आणि हिचं चालूच. "सर, खासदार ऱ्हातो तिकडं लांब, आपलं गाऱ्हाणं त्याला ठाव तरी हाय का?" तुम्ही खूश. माझ्या एकाही प्रगतिपुस्तकावर तुम्ही इतके खूश झाला नाहीत. मी दारात उभी आहे, चौदा वर्षांची, आणि विचारते आहे, "ही रोज कशाला येते?" तुम्ही कात्री खाली ठेवता. "ती विचारते म्हणून येते. तू कधी काही विचारलंस?" तिच्यादेखत बोललात, अण्णा. तिनं मान खाली घातली, त्याचा मला जास्त संताप आला.

मी दहावी झाले तेव्हा तुम्ही मला घड्याळ दिलंत. मैत्रिणी मनगट धरधरून बघायच्या. दोन वर्षांनी ती दहावी झाली आणि तिला वही. तेव्हापासून ते घड्याळ मला दुकानातलं वाटायला लागलं. त्याच वर्षी तुम्ही गेलात. ती माझ्यापेक्षा मोठ्यानं रडली, तेही मला खपलं नाही.

परवा भाषण संपल्यावर ती गर्दीतून वाट काढत माझ्याकडे आली. वकील झाली तरी बोली तीच. "ताई, ही तुमच्या घरची हाय. न्या तुम्ही." मी उघडून पाहिली. अर्ध्यावर तुमचं अक्षर थांबतं आणि खालच्याच ओळीपासून तिचं सुरू होतं, एक वर्षही न गाळता. मी वही मिटली. मग तिनं विचारलं, "सर घरी तुमालापण हे सगळं सांगत असतील, न्हाय?"

"रोज," मी म्हटलं. "जेवताना. सगळे खासदार पाठ होते मला."

तिचा चेहरा पडला. क्षणभरच, पण पडला, आणि मला इतकं बरं वाटलं की वही मी तिच्या हातात परत ठेवली. तिला वाटलं, ताईचं मन मोठं.

हे पत्र पाठवायची सोय असती तरी मी पाठवलं नसतं. तुम्ही जेवताना सांगायला लागलात की मी ताट उचलून उठायचे, हे तुम्हाला आठवत असेल.