शिवच्या गुणगौरवास हरकत

प्रति,
मा. अध्यक्षा,
गुणगौरव समिती,
मराठी मित्रमंडळ, नेपरव्हिल, इलिनॉय.

दिनांक : १४ ऑगस्ट २०२५

विषय : चि. शिव यतीन कारखानीस यास ‘भावी व्यावसायिक हॉकीपटू’ म्हणून गौरवण्यास हरकत, मूल्यमापनासह.

संदर्भ : १) समितीचा २० जुलैचा ठराव.
२) सहपत्रांबाबतचा नियम सात.
३) यतीन कारखानीस यांनी मंडळाच्या व्हॉट्सॲप गटावर टाकलेला फोटो व त्याखालचे एकशे बारा अंगठे.

महोदया,

१. अर्जदार श्रीरंग हळबे, मूळचा नागपूरचा, गेली बावीस वर्षे नेपरव्हिलमध्ये, व्यवसाय डेटा विश्लेषण. मंडळात बर्फावरची हॉकी कळणारा हा एकच गृहस्थ, असे मानून समितीने त्याला विचारले आहे की, ज्युनिअर हॉकी संपवून बाहेर पडलेला वीस वर्षांचा शिव पुढे व्यावसायिक खेळाडू होईल काय. गेल्या वर्षी मेडिकलच्या प्रवेशाबद्दल एकाला शाल दिली आणि प्रवेश काही मिळाला नाही. तेव्हापासून समिती ताकही फुंकून पिते, हे योग्यच आहे. अर्जदाराचे उत्तर ‘नाही’ असे आहे. ३० ऑगस्टच्या गणेशोत्सवात द्यावयाचे शाल-श्रीफळ थांबवावे, ही नम्र विनंती.

२. कारणे देत आहे. शिव हा बचावपटू. बचावपटूने आपल्या गोलपाशी राहावे, हे शेंबड्या पोरालाही समजते. शिव राहत नाही. पक, म्हणजे खेळातली रबरी चकती, काठीला लागली की तो सुसाट पुढे सुटतो आणि गोल मारायला पाहतो. अशा खेळाडूला आक्रमक बचावपटू म्हणतात आणि लोक त्याचे कौतुक करतात. घर राखायला ठेवलेला माणूस वरातीत नाचायला गेला, तर त्याचे कौतुक कोणी करत नाही.

३. शेवटच्या हंगामात अठ्ठावन्न सामन्यांत त्याचे एक्कावन्न गुण झाले, म्हणजे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून. हा आकडा यतीनने फोटोवर लाल अक्षरांत छापला. मात्र त्यातले एकोणतीस गुण समोरचा एक खेळाडू शिक्षा म्हणून बाहेर बसलेला असताना मिळाले आहेत, हे छापले नाही. चारांपुढे पाच जण असले की कोणीही शेर होतो. उंची पाच फूट दहा इंच, तीही बहुधा बूट घालून. उलटे स्केटिंग करताना डावीकडे वळायला त्याला क्षणभर उशीर होतो. ज्युनिअरमध्ये ते खपून जाते. व्यावसायिक संघांत समोर तीस वर्षांचे बाप्ये असतात, ते तेवढ्यात गोल करून घरी जेवायला पोचतील.

४. एका व्यावसायिक संघाने त्याला सप्टेंबरच्या सराव-शिबिराला बोलावले आहे. बोलावले आहे, घेतलेले नाही. बाजारात तुरी आणि भट भटणीला मारी, त्यातला हा प्रकार. तरी यतीनच्या गाडीच्या नंबरप्लेटवर मुलाचे नाव आले. सौ. आसावरीवहिनींनी मंडळाच्या पॉटलक जेवणाला हॉकीच्या काठीच्या आकाराची शंकरपाळी आणली. अर्जदाराने ती केवळ पडताळणीसाठी खाल्ली. नऊ खाल्ली. खुसखुशीत होती, याचीही नोंद घ्यावी.

५. अर्जदाराच्या पोटात दुखते, असे कोणी म्हणेल. म्हणू द्या, दुखतेच. अर्जदाराचा मुलगा वेदांत नऊ वर्षांचा असल्यापासून शिवचा जोडीदार बचावपटू होता. शिव पुढे पळायचा आणि वेदांत मागे एकटा किल्ला लढवायचा. टाळ्या शिवला, निळे-काळे गुडघे वेदांतला. सोळाव्या वर्षी ज्युनिअर संघाने शिवला उचलले. वेदांतबद्दल प्रशिक्षक एवढेच म्हणाले, “सॉलिड किड. डझन्ट टेक चान्सेस.” आता वेदांत कॉलेजात अकाउंटिंग शिकतो आणि रविवारी हौसेने खेळतो. मूल्यमापनाचे काम अर्जदाराकडे आले तेव्हा यतीनने खांद्यावर हात टाकून म्हटले, “श्री, तू लिहिशील ते फायनल, यार. तुझ्याइतकं पोरांना कोणी पाहिलेलं नाही.” ज्याच्यावर जळावे त्याने इतके चांगले वागू नये, असा नियम समितीने करावा.

६. पुरावा म्हणून अर्जदाराने स्वतः स्टँडमधून फोनवर घेतलेल्या एकवीस चित्रफिती जोडल्या आहेत. पैकी क्रमांक चौदा ही सहा वर्षांपूर्वीची असून, शिवने जागा सोडून वेदांतच्या हातचा गोल कसा पळवला, ते तीत स्पष्ट दिसते. ही हकिकत अर्जदार सहा वर्षे सर्वांना सांगत आला आहे.

पुरवणी (अर्ज पाठवण्यापूर्वी)

७. मंत्रालयातून निवृत्त होऊन लेकीकडे राहायला आलेल्या काकांनी मंडळाला जो नियम सात करून दिला, त्यानुसार प्रत्येक सहपत्र ‘स्वतः पाहिले व ऐकले’ असे लिहून सही करावी लागते. अर्जदार विश्लेषण नेहमी आवाज बंद ठेवून करतो, गोंगाटाने लक्ष विचलित होते म्हणून. खोटी सही नको म्हणून आज सकाळी आवाज चालू केला.

८. क्रमांक चौदामध्ये शेवटचे मिनिट, बरोबरी. वेदांत मैदानाच्या मध्यावर पक हिसकावून घेतो. पुढे गोलरक्षकाशिवाय चिटपाखरू नाही. तो मान वर करून स्टँडकडे पाहतो. फोनच्या अगदी जवळून अर्जदाराचा आवाज येतो, “वेदांत, मागे! मागे राहा!” शेजारून दुसरा आवाज येतो. तो यतीनचा आहे. तो शिवसाठी ओरडत असणार, असे अर्जदाराने गृहीत धरले होते. तो ओरडतो आहे, “जा वेदांत, जा! तू जा!” वेदांत थांबतो. पक शिवला देतो. शिव गोल करतो.

९. मग उरलेल्या फिती ऐकल्या. “मागे” हा शब्द त्रेचाळीस वेळा आला. व्हिसावर आलेल्या माणसाला पुढे पळायची भीती वाटते, जागा गेली तर सगळेच जाईल असे वाटते. पण वेदांत इथेच जन्मला आहे, हे अर्जदाराच्या ध्यानात राहिले नाही. वेदांत सुट्टीला घरी आला आहे. तो सीरियलचा वाडगा घेऊन मागे उभा होता. अर्जदाराने त्याला विचारले, तुला यतीनकाकांचा आवाज ऐकू आला नव्हता का? तो म्हणाला, “आय हर्ड यू बोथ, बाबा. बट यू आर माय डॅड.” आणि वाडगा धुवायला गेला.

१०. सबब अर्जदार हरकत मागे घेत असून सुधारित मूल्यमापन सादर करतो. शिव खेळेल. पहिली एक-दोन वर्षे खालच्या श्रेणीत काढेल, डावीकडचे वळण तेथे शिकवतील. संधी दिसली की जायचे, हे त्याला नव्याने शिकवावे लागणार नाही. हेवा अजून गेलेला नाही. तो आता यतीनच्या त्या आवाजाचा वाटतो.

११. शाल-श्रीफळ अवश्य द्यावे. एकच विनंती आहे. त्या दिवशी वेदांत सवयीप्रमाणे मागच्या रांगेत बसेल. शिवला शाल त्याच्या हस्ते द्यावी, आणि त्याला पुढे बोलावण्याचे काम यतीनकडे द्यावे. अर्जदाराने हाक मारली तर तो येईल की नाही, याची अर्जदाराला खात्री नाही.

कळावे, आणि हा अर्ज यतीनला दाखवण्यास हरकत नाही.

आपला नम्र,
श्रीरंग हळबे

सहपत्रे :
१. सामनानिहाय तक्ता.
२. चित्रफिती एक ते एकवीस. स्वतः पाहिल्या व ऐकल्या.
३. क्रमांक चौदाची जादा प्रत, यतीनसाठी. आवाज चालू ठेवून पाहावी.