घट धरून दोन मण

३ फेब्रुवारी १९५७, रविवार. चामोर्शी नाका.

ही वही माझी स्वतःची. सरकारी डायरी वेगळी. ती रेंजमध्ये जाते, तिच्यात सगळं खरं लिहून भागत नाही. इथे भागेल.

काल नवे रेंजरसाहेब आले. पुण्याकडचे. नोव्हेंबरात आमचा जिल्हा मध्यप्रदेशातून मुंबई राज्यात गेला. जिल्हा जागचा हलला नाही, फक्त साहेब बदलले. या नव्या साहेबांनी मला वर-खाली पाहिलं आणि सगळ्यांसमोर विचारलं, नाकेदार, हे पोट सरकारी की खासगी? बिरजू मडावी हसला. चार वर्षांची नोकरी झालेला पोरगा, बांबूच्या कामटीएवढी छाती, आणि माझ्यावर हसतो! डोक्यात तिडीक गेली.

डिप्टीची, म्हणजे आमच्या वरच्या फॉरेस्टरची, जागा रिकामी आहे. चौदा वर्षं मी फॉरेस्ट गार्ड, म्हणजे इथल्या बोलीत नाकेदार. सडकेवर आडवा बांबू टाकायचा, लाकडाच्या गाड्यांचे पास पाहायचे आणि मागच्या जंगलात बीट फिरायचं. मे महिन्यात चाळीस पूर्ण होतील. मग प्रमोशन नाही, मरेपर्यंत हा बांबू. साहेबांच्या अटी दोन. वजन दोन मणांच्या, म्हणजे ऐंशी शेरांच्या आत. आणि चालण्याची टेस्ट: चार तासांत सोळा मैल.

वर म्हणाले, तुम्हाला काय अवघड, तुमच्या डायरीत तुम्ही रोज बारा मैल चालता.

मान हलवली.

४ फेब्रुवारी

व्यापारी नूर मोहम्मदच्या गोदामात हिरडा तोलायच्या मोठ्या काट्यावर बसलो. दोन मण नऊ शेर. काटा चुकीचा आहे म्हणालो. तो म्हणाला, "साब, काट्याले कायले बदनाम करता?" मग लक्षात आलं, बूट, पट्टा, कुऱ्हाड सगळं अंगावर होतं. माल तोलताना पोत्याचं वजन, म्हणजे बारदाना, वजा करतात. तसे दोन शेर वजा. खरं वजन दोन मण सात शेर.

संकल्प: उद्यापासून एक वेळ जेवण. भात बंद. गूळ बंद. रोज पहाटे सहा मैल चालणे.

५ फेब्रुवारी

पहाटे धुकं होतं. धुक्यात चालणं छातीला वाईट. उद्या.

६ फेब्रुवारी

एक वेळ जेवलो. नाक्यावर गाडीवाल्यांनी पानगे आणि जवसाची चटणी दिली, ते जेवणात धरलं नाही. ते ड्यूटीत येतं.

संध्याकाळी मी पाणी पिऊन बसलो होतो आणि समोर गुणा जेवत होती. माझी बायको हो, गुणा. ताटात भाताचा डोंगर, त्यावर लाखोळीचं वरण, बाजूला झिंग्याची चटणी. पहिला डोंगर संपला, दुसरा घेतला. मग ताट निपटून वरून अंबील प्यायली. मी मोजत होतो. तिला लाज नाही. नवरा उपाशी, आणि बायको भुरके मारते! मी विचारलं, आणखी आहे का पोटात जागा? तिला वाटलं मी काळजीने विचारतोय. म्हणाली, "आज लय भूक लागली जी."

आणि अंगावर पाहावं तर मूठभर मांस नाही. हा कुठला न्याय?

१० फेब्रुवारी

चालणं सुरू केलं. दीड मैल. बूट चावला. सरकारी बुटांविरुद्ध अर्ज लिहिला, पाठवला नाही.

गुणा रोज पहाटे सरपणाला जाते ती दुपार टळल्यावर येते. बायकांना गप्पा मारायला जंगलच लागतं. येताना मात्र बातम्या आणते. आज म्हणाली, चार नंबरात दोन साग पडले आहेत आणि बुधरीच्या टोल्याजवळ, म्हणजे वस्तीजवळ, हद्दीचा दगड कलला आहे. मी सरकारी डायरीत लिहिलं: बीट फिरलो, बारा मैल, कक्ष चार, दोन साग, हद्दीचा दगड कललेला आढळला. बायका बोलतच असतात, त्यातलं कामाचं वेचायला डोकं लागतं. सहा वर्षं माझी बीट रेंजमध्ये पहिल्या नंबरात आहे ती उगाच नाही.

१४ फेब्रुवारी

काटा. दोन मण दहा शेर.

अशक्य! आठ दिवस एक वेळ जेवतोय मी! नूर मोहम्मदवर ओरडलो. तो शांतपणे हिरड्याची पोती घेत होता. ओला माल घेताना मणामागे दोन शेर घट धरतात, कारण वाळल्यावर तेवढा कमी भरतो. तेव्हा डोक्यात प्रकाश पडला. मी सकाळपासून तांब्या-तांब्या पाणी पितोय. म्हणजे मी ओला माल. दोन मणांची घट चार शेर, बारदाना दोन शेर. खरं वजन दोन मण चार शेर. दहा दिवसांत तीन शेर उतरलो!

नूर मोहम्मद म्हणाला, "साब, घट मालाची धरतेत, माणसाची नाई." अडाणी माणूस. हिशेबाचं तत्त्व त्याला कळत नाही.

गुणा मीठ घ्यायला आली होती, तिलाही बसवलं. एक मण तीन शेर. काटा खराब आहे हे मी पहिल्यापासून म्हणतोय.

२८ फेब्रुवारी

काल मार्कंड्याची जत्रा. महाशिवरात्र, कडक उपास. साबुदाणा, रताळी, शिंगाडे, बोरकूट, केळी, दूध. भाताच्या शितालासुद्धा शिवलो नाही. इच्छाशक्ती म्हणतात ती ही.

गुणा जत्रेला पायी गेली, पायी आली. मी गाडीत. टेस्टसाठी पाय राखून ठेवायला हवेत.

८ मार्च

आज स्फोट झाला.

मी दुपारी ताकावर होतो. ही आली, घामाघूम, आणि मडक्यातला भात वाढून घेतला. वर माझ्या वाटचं तूप. वर मला म्हणते, "तुमी बी घ्या ना दोन घास, चेहरा उतरला." माझी तपश्चर्या मोडायला बसली आहे! ताट ओढून घेतलं आणि ओसरीवरून अंगणात भिरकावलं. घरात एक जण नोकरीसाठी पोटाला चिमटा घेतोय आणि दुसरं माणूस रेड्यासारखं खातंय, हे चालणार नाही म्हणालो. तांदळाच्या पेटीला नाक्याचं सरकारी कुलूप लावलं. आजपासून तिलाही एक वेळ, तीही अर्धी भाकर.

तिने अंगणातला भात वेचून कोंबड्यांना घातला.

बरं झालं. शिस्त एकदा लागली की लागली.

१२ मार्च

गुणा चार दिवस घरीच. पाय उचलत नाहीत म्हणते. सोंगं. सरपण नाही, आणि बातम्याही नाहीत. डायरीत लिहिलं: बीट फिरलो, बारा मैल, सर्व ठीक.

१३ मार्च

सर्व ठीक नव्हतं. कक्ष सहामध्ये नऊ साग रातोरात कापून नेले. साहेबांना बिरजूने सांगितलं. त्याची बीट शेजारची, तो फिरतो म्हणे. साहेबांनी माझी डायरी पुढ्यात टाकली आणि विचारलं, काल तुम्ही सहामधून गेलात ना? मी म्हणालो, उन्हाची तिरीप डोळ्यांवर होती. नऊ सागांवर? साहेबांनी एवढंच विचारलं.

नेमके हेच चार दिवस सापडावेत चोरांना! माझं नशीबच फुटकं.

घरी आलो. कुलूप काढलं. तिच्यासाठी नाही, किल्ली सांभाळायचा कंटाळा आला म्हणून. गुणाने तीन वेळा भात घेतला. मी भिंतीकडे तोंड करून बसलो. उद्या पहाटे सरपणाला जाते म्हणाली.

१६ मार्च

होळी. सरकारी सुट्टी असते तशी पथ्यालाही असावी. सात पुरणपोळ्या. पातळ होत्या.

२५ मार्च

काटा. दोन मण अकरा शेर. पण ऊन वाढलंय, पाणी दुप्पट पितो, तेव्हा घटही दुप्पट, म्हणजे आठ शेर. बारदाना तीन शेर, कारण आज शर्टाच्या आत बंडी होती.

बरोबर दोन मण!

डोळ्यांत पाणी आलं. चौदा वर्षं. डिप्टी लटारू गुरनुले. गुणाला सांगितलं. ती हसली आणि म्हणाली, "मंग आज तरी जेवा पोटभर." जेवलो.

६ एप्रिल

साहेब दुष्ट आहे. जात्याच दुष्ट आहे!

आज स्वतः नूर मोहम्मदच्या गोदामात आला आणि मला काट्यावर बसवलं. दोन मण बारा शेर. मी घट सांगितली, बारदाना सांगितला, कागद काढून दाखवला. साहेबाने कागद दोनदा वाचला. नूर मोहम्मद हिरड्याच्या पोत्यामागे जाऊन खोकत होता, त्या खोकल्याची मला पूर्ण कल्पना आहे.

शेवटी साहेब म्हणाला, वजनाचं राहू द्या. उद्या चालून दाखवा. चार तासांत सोळा मैल चाललात तर वजन माफ, जागा तुमची.

एवढंच ना! चालणं म्हणजे काय, एका पायापुढे दुसरा पाय. घरी येऊन गुणाला बजावलं, उद्या माझ्या वाटेत कडमडू नको.

७ एप्रिल, रविवार

सहाला नाक्यावरून निघालो, मी आणि त्याच जागेवर डोळा असलेला बिरजू. आठव्या मैलाच्या दगडाशी साहेब जीप लावून बसणार, तिथून परत फिरायचं. बिरजू पहिल्याच वळणावर दिसेनासा झाला. उतावळा. मी दम राखून चाललो होतो.

दुसऱ्या मैलाला बूट चावला. तिसऱ्याला पोटऱ्या. पाचव्या दगडाशी मोहाखाली बसलो, फक्त घड्याळाला किल्ली द्यायला. सडकेवर मोहफुलांचा सडा, डोकं गरगरत होतं. किल्ली देऊन झाली, पण उठता येईना.

मागून गुणा आली. डोक्यावर टोपली, टोपलीत माझी शिदोरी. माझ्यानंतर अर्ध्या तासाने निघाली होती. "बसले काऊन जी?" म्हणाली. मी ओरडलो, तुला येऊ नको म्हटलं होतं ना! चालती हो! ती म्हणाली, "बरं, तिथं ठेवतो मंग, या सावकाश," आणि झपाझप निघून गेली. धापसुद्धा लागली नव्हती तिला.

मी बैलगाडीतून आठव्या मैलावर पोचलो तेव्हा साडेदहा झाले होते. बिरजू कधीच परत फिरला होता. गुणा जीपच्या सावलीत बसून शिदोरी उलगडत होती आणि साहेबाच्या मांडीवर माझी सरकारी डायरी होती. साहेबाने तिला सहज विचारलं होतं, बाई, एवढं चालायची सवय कशी? आणि या बाईने, या भोळ्या मूर्ख बाईने, सगळं सांगितलं. रोज सरपणाच्या मिषाने बीट फिरून येते. यांचे पाय दुखतात, म्हणून. कुठला दगड कलला, कुठले साग पडले, कुठल्या नाल्यात वाघाचे पाय उमटले, घरी येऊन यांना सांगते. साहेब पान उलटत होता आणि ती सांगत होती, आणि पान न् पान जुळत होतं.

मला वाटलं साहेब ओरडेल. ओरडला नाही. डायरी मिटली आणि म्हणाला, डिप्टी बिरजू. तुमची नोकरी मी घालवत नाही, ते या बाईंच्या पोटावर येईल. पण परवापासून बीट तुम्ही फिरायची. स्वतःच्या पायांनी.

मग गुणाला काट्यावर बसवलं होतं ते आठवलं. एक मण तीन शेर.

८ एप्रिल

नूर मोहम्मदला शिव्या दिल्या, बुटाला दिल्या, मुंबई राज्याला दिल्या. गुणाला द्यायला तोंड उघडलं. ती जेवत होती. मिटलं.

तिने स्वतःच सांगितलं, "उद्यापासून मी बसतो नाक्यावर. पास वाचता येत नाई, पन बांबू त उचलता येते." आणि दोनच मुठी भात घेतला. आता एवढा लागत नाही म्हणाली.

९ एप्रिल, मंगळवार

बीट. सहा वर्षांनी.

दोनदा वाट चुकलो. अकरा वाजता बुधरीच्या टोल्यावर पोचलो. कललेला दगड कोणी तरी धोंडे लावून सरळ केला होता. बुधरी म्हणजे गोंडाची म्हातारी, झोपडीबाहेर मोहफुलं वाळत घालत होती. माझ्या खाकी कपड्यांकडे पाहून उठलीसुद्धा नाही. विचारलं, "नाकेदारीनबाई काऊन नाई आली आज? तुमी कोन जी?"

मी म्हणालो, तिचा नवरा.

मग मात्र लगबगीने उठली. घोंगडी टाकली, अंबील दिली, माझ्या पायांकडे, तोंडाकडे निरखून पाहिलं. सहा वर्षं बाई सांगत होती म्हणे, घरधनी बिमार आहे, अंथरुणातून उठवत नाही, नाही तर लय इमानी मानूस, रोज स्वतःच आला असता.

"आता बरं वाटून राह्यलं का तुमाले?" बुधरीने विचारलं.

हो म्हणालो.