संदेशचं औषध माणसांपर्यंत पोचलं

बॉस्टन

प्रिय आई,

तुला आणि अप्पांना इथूनच वाकून नमस्कार. मी बरी आहे, रोज वरणभात करून जेवते. अप्पांचा गुडघा कसा आहे? फोनवर बोलताना ते तुझ्या शेजारीच बसलेले असतात, म्हणून हे लिहितेय.

तुझ्या टेंभी नाक्याच्या मैत्रिणीचा मुलगा संदेश पेपरात आला, हे तू मला तीनदा सांगितलंस. हो, त्याचं औषध आता माणसांवर तपासणार आहेत. मी सहा वर्षं खपून बनवलेलं औषध उंदरांच्या लिव्हरला सोसलं नाही, म्हणून बंद पडलं. तो आमच्या लॅबमध्ये माझ्यानंतर आलेला. माझा जळफळाट होतो गं.

गेल्या महिन्यात त्याच्या कागदांत डोस चुकून दहापट लिहिलेला मला दिसला. दोन दिवस मी गप्प बसले. मग ते औषध घेणारी माणसं डोळ्यांसमोर आली आणि त्याला सांगितलं.

“दक्षता, तू नसतीस तर वाट लागली असती,” तो म्हणाला.

मंजुरी आली तेव्हा सगळ्यांसमोर त्याने माझे आभार मानले. मी हसले आणि बाथरूममध्ये जाऊन रडले.

त्याची आई पेढे घेऊन कोपरला आपल्या घरी आली, तर आनंदाने घे. किती गोड होते, ते मात्र मला सांगू नकोस.

तुझीच,
दक्षता