अठ्ठेचाळीस किलोची फी माफी

४ ऑगस्ट
कॉलेजच्या नोटीस बोर्डावर फी माफीचे नियम लागले. वाचले. सगळे नाई, कामापुरते.
पहिला: मार्क चांगले असन तं फी माफ. माह्ये मागच्या साली दोन विषय उडले. पुढं.
दुसरा: घरचं उत्पन्न कमी असन तं माफ. बाबा रेल्वेत ऑफिस सुपरिंटेंडंट. बाबाले गरीब दाखवाचा विचार केला, पण त्या कागदावर बाबाचीच सही लागते. पुढं.
तिसरा: जो विद्यार्थी विद्यापीठाकडून आंतरविद्यापीठ स्पर्धेत खेळन, त्याची फी माफ. खेळन. जिंकन असं कुठंच लिहेल नाई. मी तीनदा पाह्यलं. खाली अजून बारीक अक्षरात काहीतरी होतं, पण तोपर्यंत माह्यं काम झालं होतं.
बाबानं सांगून ठेवलं आहे: जानेवारीची फी मी भरत नाई, नाव विराज ठेवलं अन् काम असे. काही करून दाखव, नाई तं कॉलेज बंद अन् पंडरीच्या बाजारात काकाच्या दुकानात कापडाचे थान उचल. कॉलेज मले आवडते. शिकणं सोडून सगळंच आवडते.
मग विद्यापीठाच्या स्पोर्ट्स रूमची लिस्ट पाह्यली. बॉक्सिंग. अठ्ठेचाळीस किलोच्या आतला गट रिकामा! एवढा बारका पोट्टा कोणी सापडतच नाई.
मी बावन. चार किलो म्हणजे काय? केस कापले तरी अर्धा किलो जाते.
प्लॅन: बिनविरोध निवड. स्पर्धेत जायचं. पहिला ठोसा आला की झोपायचं. सर्टिफिकेट. फी माफ. डोकं असन तं हात लागत नाई.

६ ऑगस्ट
कोच भार्गव सर. फौजेतून रिटायर, मिशा अजून ड्यूटीवर. विचारलं, पहले कभी लड़ा है? म्हणलं, कॉलनीत लय भांडणं केले. खरं म्हणजे लावले. केले दुसऱ्यायनं.
माह्या वजनाचं दुसरं कोणी नाई म्हणून इरावतीसमोर उभं केलं. फायनल इयर. स्टेटचं मेडल आहे म्हणे. मी सरले सज्जनपणे सांगतलं, मी पोरीवर हात उचलत नाई. इरावतीले मराठी सगळी समजते, उत्तर हिंदीतच देते. म्हणे, उठा के तो देख, भैया.
उचलला.
जिमचं छत टिनाचं आहे. चार पंखे आहेत, एक बंद आहे.

८ ऑगस्ट
ओठ सुजला. आईले सांगतलं, दरवाजा लागला. आई म्हणे, दोन्हीकडून लागला का?

१३ ऑगस्ट
माह्यी स्टाइल डिफेन्सची आहे, हे आज समजलं. इरावती मारून मारून घामाघूम झाली. मले घाम नाई. ताकद वाचवून राहिलो. तिची एक दिवस संपन.
संध्याकाळी जबडा पुरा उघडत नाई. वजन आपोआप कमी होऊन राहिलं. फायदाच.

१८ ऑगस्ट
ताकद संपायची वाट काहून पाहावी? दिमाग लावला. खाजकुयलीची पूड आणली अन् सकाळी सगळ्यायच्या आधी जाऊन इरावतीच्या ग्लोव्हजमधी टाकली. लाल ग्लोव्हज. तिचेच.
रात्री लिहून राहिलो, पेन नीट धरता येत नाई.
झालं असं, सर म्हणे, इरावती, तेरे दस्ताने इसको दे, इनमें गद्दी ज़्यादा है, आज बॅग मारेगा. मी म्हणलं, सर, दुसऱ्याची वस्तू मी वापरत नाई. सरनं सोताच घालून दिले अन् मनगटावर नाडी आवळून गाठ मारली.
एका मिनिटात आग लागली. खाजवता येत नाई, काढता येत नाई. बॅगवर मारलं, भिंतीवर मारलं, खांबावर मारलं, खाली बसून फरशीवर मारलं. मांडीत घालून घासलं. बोंबलत जिमले चार चकरा मारल्या अन् परत बॅगवर.
सर शिट्टी विसरून पाहून राहिले होते. म्हणे, आज पहली बार लड़के के हाथ में जान आई है.
सारांश: प्रगती आहे.

२३ ऑगस्ट, पोळा
शेजारच्या काकूनं तळलेली ठेठरी अन् गोड खुरमी पाठवली. सणाच्या दिवशी नाई कसं म्हणायचं. परातभर नाई म्हणलं नाई.

२४ ऑगस्ट
वजन वाढलं. सरनं रेनकोट घालून भर उन्हात तेलीबांधा तलावाले चकरा मारायले लावल्या. सोता मागून मोटरसायकलवर, हातात दोरीउडीची दोरी. थांबलो की पोटरीवर. फिरायले आलेले लोक व्हिडिओ काढत होते. एक आजोबा म्हणे, कुछ चुराया होगा.

१ सप्टेंबर
घात झाला. शार्दूल नावाचं एक पोट्टं आलं, फर्स्ट इयर. अगरबत्तीसारखं. ओलं केलं तरी अठ्ठेचाळीस भरणार नाई. त्यानंही तिसरा नियम वाचला! आता ट्रायल होणार. जो जिंकन तो जाईन.
लोक फुकटाच्या मागं कसे लागते, पाहून वाईट वाटलं.
त्याले कँटीनमधी बसवलं. त्यालेही बॉक्सिंग येत नाई. म्हणे, विराज भैया, मले मार खायचा नाई, फक्त फी माफ पाहिजे. मनातून पोट्टा आवडला. सौदा केला: ट्रायल खोटी खेळायची. मी हळूच डावा हात फिरवीन, तो पडन. पुढच्या साली जागा त्याची.
पार्किंगच्या मागं प्रॅक्टिस केली. हात लागायच्या आधीच धाडकन पडते. एकदा तं मीच घाबरलो.

१० सप्टेंबर
ट्रायल.
घंटा झाली. मी हळूच डावा फिरवला. शार्दूल पडला नाई. माह्या कानावर त्याचा उजवा बसला.
मी हळूच म्हणलं, पड बे. तो म्हणे, तू पड, माह्ये बाबा पाहायले आले. पाह्यलं तं खरंच, पहिल्या लाइनीत एक गृहस्थ डबा घेऊन बसले होते. असं आधी सांगायचं असते.
मी नाकावर दिला. रक्त. त्यानं पोटात दिला. मी परत नाकावर. मग बॉक्सिंग संपलं. तो माकडासारखा अंगावर चढला, मी त्याले दोरीवर आपटला, त्यानं दातातलं रबर थुंकलं अन् माह्या खांद्याले कचकन चावला. मी त्याच्या जबड्याले गुडघा घातला. सर सोडवायले मधी आले अन् मी डोळे मिटून जो उजवा फिरवला, तो आयुष्यातला माहा पहिला बरोबर बसलेला ठोसा.
सरच्या जबड्यावर.
सर खाली बसले. इरावतीनं एकटीनं टाळ्या वाजवल्या.
सरनं तोंडातून दाताचा तुकडा काढला, उजेडात धरून पाह्यला अन् खिशात टाकला. म्हणे, मुक्का सही था, आदमी ग़लत था. मग निकाल: चावणं नियमात बसत नाई, शार्दूल बाद. मले दंड: सकाळी एक तास जास्त, सोता सरसोबत.
निवड झाली! जाताना शार्दूलच्या बाबानं मले डबा दिला. म्हणे, हा तं आता सात दिवस चावू शकत नाई, तूच खा.
खांद्यावर टाके. धनुर्वाताचं इंजेक्शन. प्लॅन बरोबर चालू आहे.

२१ नोव्हेंबर, भोपाळ
आंतरविद्यापीठ स्पर्धा. वजन सत्तेचाळीस किलो नऊशे. कालपासून पाणी नाई.
माह्या समोरचा पोट्टा हरियाणाचा. मान डोक्यापेक्षा रुंद. मी हात मिळवायले गेलो तं त्यानं माह्याकडं नाई, माह्या नाकाकडं पाह्यलं.
प्लॅनप्रमाणं पहिल्या ठोशाले झोपलो. थोडी घाई झाली. ठोसा अजून यायचाच होता. रेफरी म्हणे, उठो. दुसऱ्या वेळी परत झोपलो. रेफरीनं ताकीद दिली, पब्लिकनं शिव्या दिल्या, सर कोपऱ्यातून ओरडले, वापस आ, तुझे मैं सुलाता हूँ. इकडं सर, तिकडं तो. मी विचार करून राहिलो की कोण बरा.
तेवढ्या वेळात तिसरा ठोसा आला.
नाकाचा आवाज मलेच ऐकू आला. पापड मोडल्यासारखा. मग डॉक्टरचा चेहरा, उलटा.

२२ नोव्हेंबर
सर्टिफिकेट मिळालं! नाक उजवीकडं गेलं. तरी हिशोब केला तं मी जिंकलो. त्या पोट्ट्याले मेडल मिळन, मले फी माफी. आता ग्लोव्हजले हात लावणार नाई. रिटायर.

८ डिसेंबर
फी माफीच्या खिडकीवर विनीता मॅडम. सर्टिफिकेट पाह्यलं, माह्यं नाक पाह्यलं, लगेच मंजूर केलं. म्हणे, अभिनंदन. अन् एक करारपत्र पुढं सरकवलं.
नोटीस बोर्डावरचे बारीक अक्षरं तेच होते. फी माफी डिग्री संपेपर्यंत. तोपर्यंत विद्यार्थी टीममधी पाहिजे. रोज सकाळी सराव, दर साली स्पर्धा. सोडलं तं माफ झालेली सगळी फी परत. खाली पालकाची सही.
म्हणलं, मॅडम, माह्यं वय झालं आता. मॅडम म्हणे, पुढचे या.
काळजी नाई. बाबा वाचल्याशिवाय कशावर सही करत नाई. असा कागद पाहून फाडतीनच.

८ डिसेंबर, जेवण झाल्यावर
बाबानं चष्मा लावला. पूर्ण वाचलं. मागचं पानही वाचलं. सराव रोजचा आहे, हे मी बोटानं दाखवलं. नाकही दाखवलं.
बाबा म्हणे, पोट्ट्या, तुह्या निकालाच्या दिवशी माहा हात शिवशिवला होता. पण जवान पोरावर हात उचलू नाई म्हणून गप बसलो. आता विद्यापीठ उचलते, रोज सकाळी उचलते, अन् वरून एक रुपयाही घेत नाई. असं सरकारी काम मी आजपर्यंत पाह्यलं नाई.
सही केली. अक्षर एवढं सुंदर कधीच आलं नव्हतं.
आई म्हणे, पेढे आणा.

९ डिसेंबर, सकाळी
डिग्री नवीन नियमानं चार वर्षांची आहे, हे सरनं आज सांगतलं. इरावती पुढच्या सालापासून असिस्टंट कोच. दोघायनं मिळून आनंद साजरा केला. माह्यावर.
ठरवलं: आजपासून अभ्यास. जेवढ्या लवकर डिग्री, तेवढ्या लवकर सुटका.
घरी येऊन पुस्तक उघडलं. डोळे उघडले नाई.