मागची जागा

२ नोव्हेंबर
आले एकदाची! सामान टाकलं आणि आधी धक्क्यावर पळाले. नदी रुंद, संथ, आणि काठावर लाल-पिवळ्या कनू होड्या पालथ्या घातलेल्या. माझी खोली होडीघराच्या वर आहे. एक खिडकी, एक कॉट आणि लाइफ जॅकेटांचा कुबट वास. मला चालेल. तलावावर पोहायला शिकवताना पोरांच्या आयांची बोलणी खाण्यापेक्षा हे वाटाड्याचं काम शंभर पटींनी बरं. घरचे म्हणाले, हिचं डोकं फिरलंय. फिरू दे. धाकटी बहीण तेवढी खूश आहे. परीक्षा संपली की येणार आणि माझ्याच होडीत बसणार म्हणते.

५ नोव्हेंबर
मामा इथले सगळ्यांत जुने वाटाडे. नक्की कुणाचे मामा, ते कुणालाच माहीत नाही. टोमणे मारत शिकवतात, पण शिकवतात छान. पुढे पाहुणा, मागे वाटाड्या. होडी वळते ती मागच्याच्या वल्ह्यानं, म्हणून मागची जागा पाहुण्याला द्यायची नाही, फोटोपुरतीसुद्धा नाही. मी विचारलं, दिली तर? म्हणाले, पूर्वी एका पाहुण्यानं हट्टानं घेतली आणि होडी पलीकडच्या लव्हाळ्यांत घातली. होडी तेवढी परत आली. त्याला अजून वाटतं, आपणच वाटाड्या. मला हसू आलं. नव्या माणसाला घाबरवायची रीत प्रत्येक धंद्यात असते.

९ नोव्हेंबर
पाहुण्यांची गंमत असते. आल्या आल्या 'मॅडम' म्हणतात, मग 'ताई', आणि निघायच्या सुमाराला तेच आपल्याला नदी समजावून सांगतात. आजचा चष्मेवाला मात्र गोड माणूस. आईला दाखवायला डबीत वाळू भरून घेतली त्यानं. शेवटची फेरी, एकदा मागे बसू द्या म्हणाला. धक्क्यावरून मामांनी हातानं नको नको केलं. मला कुणी नको म्हटलं की माझं काय होतं, ते घरच्यांना विचारा. दिली जागा. होडी लव्हाळ्यांकडे सुरेख वळली. मी कौतुक केलं, तर तो म्हणाला, "मी कुठे? तुम्हीच वळवलीत ना?"
माझं वल्हं मांडीवर आडवं होतं.

११ नोव्हेंबर
तीच होडी. मागे मी, पुढे एक शिक्षिका. चांगल्या गप्पा चालल्या होत्या. मधेच त्यांनी न वळता विचारलं की मागून दोन वल्ह्यांचा आवाज का येतोय. माझ्या मागे होडीचं टोक असतं, दुसरं काही नसतं. उतरल्यावर माझी पाठ भिजलेली होती. दुसरी होडी घेतली. तिच्यातही तेच झालं.

१३ नोव्हेंबर
मामांना सांगितलं. त्यांनी टोमणा मारला नाही, तेव्हा खरी भीती वाटली. सामान बांध म्हणाले. मी विचारलं, मी गेले तर? माझ्या जागी येईल त्याच्या मागे तो लव्हाळ्यांतला बसणार, म्हणाले. होडी जाळू या म्हटलं. त्याची होडी पूर्वीच जाळून झाली म्हणे. "तो होडीत बसत नाही, पोरी. जागेवर बसतो."
बहिणीला फोन करून सांगितलं, येऊ नको. ती हसली. मला कुणी नको म्हटलं की माझं काय होतं, तुला माहितीये, म्हणाली. मी पळाले तर ती दुसऱ्या कुणाच्या तरी पुढे बसणार, आणि त्याच्या मागे —
नाही जात मी. नदी काय त्याच्या बापाची आहे?

१५ नोव्हेंबर
होडी डावीकडे वळवायला जाते, ती उजवीकडे वळते. रोज लव्हाळ्यांच्या जास्त जवळ. पाहुणे घेणं बंद केलं. मानेवर थेंब पडतात. घाबरलेय, पुरती घाबरलेय. पण राग त्याहून जास्त आहे.

१७ नोव्हेंबर
उद्या ती येतेय. आजच काय तो निकाल लावते. भर दुपार. होडीला लांब दोर बांधलाय, दुसरं टोक मामांच्या हातात. मी पुढच्या फळीवर उलटी बसलेय, तोंड मागच्या जागेकडे. लिहीत राहिलं की धीर राहतो.

मागची जागा रिकामी. फळी ओली. वल्हं मुद्दाम आणलेलं नाही. तरी पाणी कापल्याचा आवाज —

मामा ओरडताहेत. दोर ओढताहेत, पण नुसता दोरच त्यांच्याकडे —

लव्हाळी. दोन्ही बाजूंना.

म्हटलं, "ऊठ. ही जागा माझी. उद्या माझी बहीण पुढे बसणार, आणि मागे मी."
उठत नाही.
बरं. तर मग तुझ्यासकट बसते. सरकते मागे —

बसले. फळी लागत नाही. खाली गार. माझे नाहीत ते गुडघे —

घाबरायचं नाही. जागा माझी. वही माझ्या मांडीवर आहे, आणि मी त्याच्या —