गिरजाकाकूंचं दोडक्याचं बी

चैत्र शु. ४, शके १८५५
सकाळी पोलीस ठाण्यात अमीनसाहेबांकडे जाऊन आलो; इथे माणसं जमवायची तर परवानगी लागते. सांगितलं, गल्लीतल्या घरांनी परसातल्या भाज्यांचं बी एकमेकांना द्यावं असं मनात आहे, पंधरा-वीस माणसं जमतील. "जलसा है क्या?" म्हटलं, सभा कसली, दोडका-भोपळा. "दोडके का जलसा हुआ तो भी अर्जी लगेगी, पंडितजी. ऊपर जाएगी." वर गेलेली अर्जी खाली उतरलेली मी अजून पाहिलेली नाही.
सौ. कैरी किसत होती. मान वर न करता म्हणाली, "हळदीकुंकवाला कोण अर्जी मागतंय?" चैत्रगौरीचं हळदीकुंकू आहेच. गव्हाच्या जागी बियांनी ओटी भरायची. हिला कुणी न्यायशास्त्र शिकवलं नाही हे सरकारचं भाग्य.

चैत्र शु. ७
समोरच्या गिरजाकाकू आल्या होत्या. टेंभुर्णीच्या जमीनवाल्या घरातल्या. नवरा गेल्यापासून इथे पुतण्याकडे असतात. त्यांचा दोडका गल्लीत प्रसिद्ध. मूळ बी शहागडचं, त्यांच्या आईचं. आजवर एक फळ कडू निघालेलं नाही. पदराखालून वाळलेला दोडका काढला, कानाशी हलवून दाखवला. आत बी खुळखुळत होतं.
"सगळं घ्या."
थोडं घरी ठेवा म्हटलं.
"पुतण्यानं वेलाचा मांडव काढला, तिथं म्हशीला गोठा करून राह्यलाय. माझ्यापाशी ठेवून का उंदरं पोसू? आठ घरी गेलं तर कुठं तरी जगंल. आईचं एवढंच राह्यलंय बघा. मंग, जमायचं कधी?"
हळदीकुंकू म्हणायला लागलो. शब्द पुरा व्हायच्या आत त्यांना कळलं. "बरं," म्हणाल्या, "मंग तुम्हीच वाटा," आणि उठल्या.
'तुम्हीही या' एवढे दोन शब्द. बारा वर्षं काशीत घोकण्यात घालवली, ऐन वेळी हे दोन आले नाहीत. बेत माझा. त्यांना बाहेर ठेवणारा बेतही माझाच झाला.

चैत्र शु. १०
मनाला काहीतरी भरपाई हवी होती म्हणून की काय, गि. काकूंच्या बियांवर शास्त्रोक्त संस्कार करायचं ठरवलं. बाकीच्या बायका आपापलं बी त्या दिवशीच आणतील. हे एकच आधी हाती आलेलं. पोथीत बीजसंस्कार आहे: दुधात भिजवावं, तूप लावावं, वावडिंगाची धुरी द्यावी. दूध कसं हवं ते पोथीत नाही. चुलीवर होतं तेच घेतलं. सालपट कठीण, म्हणून बी बराच वेळ त्यातच राहू दिलं. मग शेगडीवर चाळणी, वावडिंग, दुपारभर धुरी. सौ. म्हणाली, "पुरे आता." मी म्हटलं, अधिकस्य अधिकं फलम्. ती हसली. मीही हसलो.

चैत्र व. ५
हळदीकुंकू झालं. मी आतल्या खोलीत, दाराआड. भोपळा, कारली, घेवडा, चाकवत, पुड्यांवर पुड्या. गि. काकूंच्या आठ पुड्यांवर मी सुवाच्य अक्षरात 'संस्कारित' लिहिलेलं. कोपऱ्यावरच्या मारवाडी सेठाणींनी विचारलं, "शास्त्रीजींनी बियांची पण मुंज लावली का हो?" मोठा हशा. सौ.ने बी कुणाचं ते सांगितल्यावर हशा थांबला. कुणीतरी हात आखडता घेतल्याचं बांगड्यांवरून कळलं. मग सगळ्यांनी घेतलं, कारण बी गि. काकूंचं असलं तरी पुडी शास्त्र्याची.
रात्री नऊ होण्याच्या आत पुण्याच्या साप्ताहिकाला 'जालन्याचे पत्र' लिहून टाकलं. हळदीकुंकू, बीजदान, प्राचीन विद्येचा प्रत्यक्ष उपयोग. भाषा बरी साधली.

वैशाख शु. ३
अक्षय्य तृतीया. घरोघर आळी केली, बी टोचलं. आमच्या परसात चार आळी. गि. काकू ओट्यावरून पाहत होत्या. विचारलं, "दोडकं कुठल्या आळ्यात हाय?" दाखवलं. "पाणी जास्त घालू नगा, शास्त्रीबुवा. त्याला रडकं पाणी आवडतं." थेंबथेंब, असा अर्थ.

वैशाख शु. १३
सेठाणींचं कारलं आलं. आमचा भोपळा दोन पानांवर. दोडका एकाही घरी नाही. आठही घरी नाही.

वैशाख व. १
ओट्यावर बायका बसलेल्या, मी वाचत असल्यासारखा. सेठाणी म्हणाल्या, "बुरा मानू नका शास्त्रीजी, पण पांढऱ्या कपाळाचं बी ओटीत घातलं. उगवेल कसं? तुमचं शास्त्र बराबर होतं, बीच खराब."
मी "हं" म्हणालो.
हा 'हं' लिहून ठेवतो. पुढे कधी मला स्वतःविषयी बरं वाटू लागलं तर हे पान काढावं.

वैशाख व. ३
धुरीच्या चाळणीच्या कडेला दोन बिया अडकलेल्या सापडल्या. अडकित्त्याने फोडल्या. आत तपकिरी, शेंगदाण्याच्या कुटासारखा वास. सौ.ने बोटांत घेऊन चुरडलं. "शिजलंय की हो हे."
तिने बोटं पदराला पुसली. मग तिने विचारलं, "सांगणार ना?"
"सांगतो."
"कधी?"

वैशाख व. ९
साप्ताहिकाचा अंक आला. पत्र छापलं आहे, एक शब्द कापला नाही. मेले, नेमकं याच वेळी. पोस्टमास्तरांनी हात जोडले, "नाव काढलंत जालन्याचं." मी विनयाने मान खाली घातली. खाली घालायला कारण होतंच.

ज्येष्ठ शु. ६
शहागडला गि. काकूंच्या भावाला पत्र टाकलं होतं, दोडक्याचं बी असेल तर पाठवा. दुसरं कारण घातलं. उत्तर आलं: आई गेल्यावर वेल राहिला नाही, बी सगळं गिरजेकडेच आहे.

ज्येष्ठ व. २
गि. काकू ओट्यावर बसत नाहीत. सेठाणींची सून गर्भार आहे. काकू दारात दिसल्या की सुनेला आत घेतात. आज डोळ्यांनी पाहिलं. काकूंनीही पाहिलं, आणि आपणच दार लोटून घेतलं.
आधी बियांचं बोलत होते. आता माणसाचं बोलतात.

आषाढ शु. ९
तिसऱ्यांदा त्यांच्याकडे गेलो. पहिल्यांदा उकाड्यावर बोललो, दुसऱ्यांदा त्यांच्या खोकल्यावर. आज म्हशीच्या वंशावळीपर्यंत पोचलो. म्हैस माझ्याकडे पाहत होती. तिलाही कळलं असावं.
सौ. आता विचारत नाही. ते जास्त वाईट.

आषाढ व. ११
सांगितलं. उभ्या उभ्याच. दूध उकळतं होतं, दुपारभर धुरी दिली, बी मी मारलं, आणि दोन महिने गप्प राहिलो.
काकू डाळ निवडत होत्या. हात थांबला नाही.
"ठावं हाय."
"कसं?"
"एकीनं पुडी आमच्या उंबऱ्यावर टाकली परत. हुंगलं. तूप अन् धूर. दोडक्याचं बी कुणी तळत असतंय का, शास्त्रीबुवा?"
विचारलं, मग बोलला का नाहीत.
"मी कशाला बोलू? माझं कोण ऐकतंय? तुमच्या तोंडून येतंय का न्हाई, ते पाहून राह्यले होते. तुम्ही म्हशीचं पुसलं."
मी काय भरपाई करू, असलं काहीतरी बडबडलो. तेव्हा त्यांनी सूप खाली ठेवलं.
"आईचं बी गेलं. ते तुम्हाला आणता येत न्हाई, तुमच्या पोथीलाबी न्हाई. पण मी करंटी म्हणून गेलं असं जे बोलून राह्यल्या, ते तुम्हीच मिटवा. बायकांसमोर. मी तिथं बसलेली असताना. माझ्यामागं नको."
मी हो म्हटलं. दोन महिन्यांत सरळ बोललेला तो पहिला शब्द.

श्रावण शु. २
साप्ताहिकाला दुरुस्तीचं पत्र. पहिल्या खर्ड्यात 'दैवयोगाने' होतं. दुसऱ्यात 'उष्णतेच्या आधिक्यामुळे'. तिसऱ्यात 'मी'. तिसरा टपालात टाकला. छापतील असं वाटत नाही. आपली चूक छापायला मागणारा वार्ताहर त्यांना नवा असेल.

श्रावण शु. ६
शुक्रवारच्या हळदीकुंकवाला गि. काकूंना बोलवायचं, हे सौ.ला सांगितलं. ती करंडा पुसत बसली. तिचंही काही पणाला आहे. बायका उद्यापासून हिच्याकडे यायच्या थांबतील. म्हटलं, नको असेल तर मी घरोघर जाऊन सांगेन. "म्हणजे पुन्हा त्यांना बाहेरच ठेवून?" म्हणाली. मग लुगडं बदललं आणि समोर गेली. बोलावणं माझ्या नावाने नाही, आपल्या नावाने करून आली.
"बायका उठून गेल्या तर?" मी विचारलं.
"फुटाणे उरतील."

श्रावण, दुसरा शुक्रवार
गि. काकू सगळ्यांच्या आधी आल्या. दाराजवळ बसल्या नाहीत. सतरंजीच्या मधोमध. हात मांडीवर, मान ताठ.
मागून दोघीतिघी आल्या, पाहिलं, भिंतीला टेकून उभ्याच राहिल्या. आता सेठाणी आल्या आहेत, गर्भार सून मागे. एक पाय उंबऱ्याच्या आत, एक बाहेर. "ये काय आहे?" असं सौ.ला विचारताहेत. सौ. करंडा हातात घेऊन उभी आहे, कुणाला आधी कुंकू लावणार ते दाराच्या फटीतून मला दिसत नाही.
काय बोलायचं ते कागदावर लिहून ठेवलं होतं. संस्कृत शब्द फार झाले, फाडून टाकलं.
सौ. हाक मारते आहे. "अहो, बाहेर या." दुसऱ्यांदा.
तरी ही ओळ लिहितो आहे. तेवढाच वेळ.