आधीची गॅलरी

दादा,

काल साइटवर सगळ्यांदेखत मी तुझं काम थांबवलं. गॅलरीच्या स्लॅबमध्ये सळई वरच्या बाजूला हवी, नाहीतर गॅलरी कोसळू शकते; तू खाली बांधली होतीस. "एमटेक झालीस म्हणून मलाच शिकवतेस?" तू म्हणालास.

पण जीव थाऱ्यावर नाही तो त्यामुळे नाही. बीईनंतर तुझ्या हाताखाली मी पहिली इमारत केली, तिथेही सळई खालीच होती. तेव्हा मला कळलं नाही. एमटेकला तेच गणित सोडवताना कळलं, तरी वर्षभर मी गप्प बसले.

आज जाऊन तिथलं दार वाजवलं. "गॅलरीत पाऊल टाकू नका," म्हटलं.

"बांधली कोणी ही?" दार उघडणाऱ्या बाईंनी विचारलं.

"मी आणि माझ्या दादाने."

पत्र टाकत नाही. त्या बाई तुझ्यापर्यंत पोचायच्या आत मलाच येऊन तुला सांगायचंय.

तुझी,
धाकटी